मालवणला प्रवाळ आणि डॉल्फिन बघायचे आहेत, पण तिथलं काही बिघडवायचं नाही. काय काळजी घ्यावी?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की साताऱ्याहून दिवाळीच्या सुट्टीत 14 जण निघालाय, त्यात पाच मुलं, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करायचंय, आणि आपल्या जाण्यानं तिथल्या जीवांना त्रास होऊ नये. हे शेवटचं वाचलं आणि तपासायच्या वह्या बाजूला सारून लिहायला बसले. आठ वर्षांपूर्वी आम्हीही असेच साताऱ्याहून 13 जण गेलो होतो, आणि तिथं जे झालं ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही.

मी शाळेत विज्ञान शिकवते. कासचा हंगाम लागला की सुट्टीच्या दिवशी पठारावर स्वयंसेवक म्हणून उभी असते. फुलांत उतरून फोटो काढणाऱ्यांना शिट्टी मारून वाटेवर आणायचं, हे काम. म्हणजे 'पाय कुठं ठेवायचा' हे ज्याला कळतं असं त्या 13 जणांत कुणी असेल तर ती मीच होते.

किल्ल्याच्या बाहेरच्या अंगाला, खडकांपाशी आमची होडी थांबली. होडीवर विशीतला एक मुलगा होता. मास्क आणि नळी लावून देताना प्रत्येकाला तो एकच वाक्य सांगत होता, "पाय खाली टेकू नका, ता जिवंत आसा." मी पाण्यात तोंड घातलं आणि पहिल्यांदा प्रवाळ पाहिलं. चित्रात असतं तसं लाल-गुलाबी नव्हे, तपकिरी पिवळसर, कोबीची पानं उलगडून ठेवावीत तसं पसरलेलं. त्याच्या कडेकडेनं काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे. पाणी जरा गढूळ होतं, तरी दोन-तीन हातांवरचं स्वच्छ दिसत होतं.

तेवढ्यात थोरल्या भावोजींच्या मास्कमध्ये पाणी शिरलं. ते घाबरले आणि जे खाली लागलं त्यावर उभे राहिले. भावोजींचं वजन तेव्हा 90 किलोच्या पुढं होतं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर पाण्यातच होते, टाचेखाली ते पान वाकलं नाही, सरळ तुटलं. तुटलेली कड फोडलेल्या नारळाच्या खोबऱ्यासारखी पांढरीशुभ्र दिसली. वरून तपकिरी आणि आत एकदम पांढरं. घाबरून उभं राहिले यात मी त्यांचा दोष धरत नाही. त्यानंतर त्यांनी वाकून तो तुकडा उचलला, "बघा, पोवळं!" म्हणून सगळ्यांना दाखवला, आणि मग आमची आणखी तीन माणसं तिथंच उभी राहून फोटो काढू लागली.

तो मुलगा म्हणाला, "काकांनू, परत सोडा ता." भावोजींनी त्याच्या हातात शंभराची नोट ठेवली आणि म्हणाले, "पैसे दिल्यात की रं. एवढ्याशा तुकड्यानं काय हुतंय?" मुलानं एकदा आमच्या सगळ्यांकडं पाहिलं आणि इंजिनाकडं तोंड फिरवलं. आणि मी गप्प बसले. सासूबाई होडीत होत्या, सहलीचा सगळा खर्च भावोजींनी केला होता, आणि घरातल्या मोठ्या माणसाला चारचौघांत बोलायचं कसं, म्हणून. कासला मी अनोळखी माणसांना दिवसात पन्नासदा अडवते. तिथं घरच्या एका माणसाला अडवता आलं नाही.

परतीच्या वाटेवर फोंडा घाट चढताना गाडीत घाण वास सुटला. जाऊबाईंना वाटलं, सुक्या बांगड्याची पिशवी उघडी राहिली. गाडी बाजूला घेऊन सामान उपसलं तेव्हा कळलं, वास त्या तुकड्याचा होता. टॉवेलमध्ये गुंडाळलेला, आणि टॉवेलला शेंबडासारखं बुळबुळीत काहीतरी लागलेलं. घरी आल्यावर जाऊबाईंनी तो उकळला, मग ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात दोन दिवस ठेवला. तो पांढराफटक झाला आणि शोकेसमध्ये गेला. आजही तिथंच आहे.

तेव्हापासून आमच्या घरात दर सणाला एक वाद होतो. भावोजी म्हणतात, तो मेलेलाच होता, दगडच होता. मी म्हणते, दगड कुजत नाही. घाटात ज्याचा वास आला तो जीव होता. प्रवाळाचा दगड म्हणजे त्या प्राण्यांनी बांधलेलं चुन्याचं घर. त्यावर जी तपकिरी पातळ कातडी दिसते, ती म्हणजे शेकडो छोटे प्राणी एकमेकांना जोडून बसलेले, आणि त्यांच्या अंगात राहणारं सूक्ष्म शेवाळ. ते शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं आणि त्यातलं प्राण्यांना देतं. रंगही त्याचाच. म्हणून कातडी गेली की उरतं ते पांढरं. अशा पानासारख्या प्रवाळाची वाढ वर्षाला सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची. भावोजींच्या शोकेसमधला तुकडा वीतभर आहे. म्हणजे तो वाढायला किती वर्षं गेली असतील, तुम्हीच हिशोब करा.

कासलाही हेच आहे, म्हणून मला ते इतकं लागलं. पठार बघायला एवढं मोठं, पण फुलं येतात ती जांभ्या दगडावरच्या बोट-दोन बोटं मातीत. पाय पडला की माती दबते, पाणी धरत नाही, आणि पुढच्या वर्षी तिथं सीतेची आसवं येत नाहीत. समुद्रातही दगडावरचा तेवढाच एक पातळ थर जिवंत असतो. 2012 मध्ये कास जागतिक वारशात गेलं, तशी गर्दी वाढली. मग दिवसाला 3000 माणसांची मर्यादा आली, ऑनलाइन बुकिंग आलं. तेव्हाही लोक म्हणाले होते, आमच्या एकट्याच्या पायानं काय होतंय. एकट्याच्या पायानं काय होतं ते भावोजींच्या शोकेसमध्ये ठेवलेलं आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडं येते.

दिवाळीच्या आठवड्यात जाऊच नका. पावसाळ्यात मे अखेर ते ऑगस्ट अखेर किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद असतात. पुढं समुद्र निवळायला वेळ लागतो, आणि दिवाळीत जी झुंबड उडते त्यात कुठलाही होडीवाला तुम्हाला सावकाश काही दाखवू शकत नाही. डिसेंबरचा पहिला पंधरवडा गाठा, तोही मधल्या वारी. मुलांची दोन दिवस शाळा बुडेल. बुडू द्या, मी शिक्षिका असून सांगते.

सगळ्यात महत्त्वाचं, होडी ठरवतानाच, पैशाचं बोलायच्या आधी, होडीवाल्याला तीन गोष्टी सांगा. आम्हाला माशांना पाव घालायचा नाही, आमच्यातलं कुणी खाली उभं राहिलं तर बिनदिक्कत ओरडा, आणि नांगर प्रवाळावर टाकायचा नाही. हे गिऱ्हाइकाच्या तोंडून आधी आलं पाहिजे. त्या वेळी आम्ही किनाऱ्यावर उतरल्यावर मी त्या मुलाला विचारलं होतं, तू जोरात का नाही बोललास? तो म्हणाला, "गिराईक म्हणता तसा करतव." त्याचं खरं आहे. त्यानं ओरडायचं आणि आपण दुसऱ्या दिवशी शेजारच्या होडीत बसायचं, मग तो कशाला ओरडेल? मालवणचं जे बिघडतंय त्याला होडीवाले जबाबदार, असं इथं साताऱ्यात बसून म्हणणारे मला पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. पाव आपण मागतो. खाली उभं राहून फोटो आपल्याला हवा असतो. 'डॉल्फिन दिसले नाहीत तर पैसे परत' ही पाटी आपल्यासाठी लागते.

पावाचं एवढ्यासाठी सांगते की तो अगदी निरुपद्रवी वाटतो. पाव टाकला की पट्ट्यांच्या माशांची झुंड येते, मुलं खूश होतात. पण प्रवाळावर बाहेरून वाढणारं शेवाळ (आत राहणारं ते वेगळं) खाऊन प्रवाळ साफ ठेवणारे मासे असतात, आणि पावाला चटावलेल्या धीट झुंडींनी त्यांना हुसकलं की सगळी घडीच विस्कटते. शिवाय माणूस दिसला की मासे अंगावर धावून यायला लागतात. महाबळेश्वरच्या पॉइंटांवरची माकडं तुम्ही पाहिली असतील, ती अशी का झाली हे वेगळं सांगायला नको.

14 जण एकदम पाण्यात उतरू नका, चार-चार उतरा. सनस्क्रीन चोपडून जाण्यापेक्षा पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, काही क्रीममधली रसायनं प्रवाळाला बाधतात. बाजारात शिंपल्या-शंखांच्या वस्तू दिसतील, त्या घेऊ नका. आठवण म्हणून खाजा घ्या, कोकम घ्या, मालवणी मसाला घ्या. आणि प्रवाळाचा तुकडा, मेलेला, वाळूत सापडलेला, कसलाही, घरी आणू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात 2001 पासून प्रवाळ आहे, म्हणजे वाघाच्या पंगतीला. शोकेसमध्ये ठेवणं हासुद्धा गुन्हाच. हे भावोजींना मी कायद्याचं पान काढून दाखवलं, तर ते म्हणाले, "मग दे पोलिसात." आता घरच्या माणसाविरुद्ध तक्रार करायला मी काही जाणार नाही, हे त्यांनाही माहीत आहे.

डॉल्फिनचं थोडक्यात. देवबागच्या बाजूला सकाळी जे दिसतात ते पाठीवर कुबड असलेले, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात राहणारे. त्यांना पळून खोल समुद्रात जायचं नसतं, त्यांचं घर आणि जेवण तिथंच. आम्ही गेलो तेव्हा पाच होड्यांनी मिळून तिघांना घेरलं होतं, त्यात एक पिल्लू होतं. ते वर आले की सगळे शिट्ट्या मारत, होड्या वळत, ते बुडी मारत. दहा मिनिटांत ते श्वासापुरते वर येत आणि लगेच खाली जात, बस्स. तुमच्या होडीवाल्याला सांगा, 50 मीटरच्या आत जायचं नाही, समोरून आडवं जायचं नाही, आणि आधीच दोन-तीन होड्या असतील तर लांबच थांबायचं. इंजिन हळू ठेवून थांबलात तर कधीकधी तेच जवळून जातात. नाही गेले तर नाही. हमी देणाऱ्याच्या होडीत मात्र बसू नका, कारण हमी पाळायची तर पाठलाग करावाच लागतो.

दर, हॉटेल, जेवण याचं मला विचारू नका, आठ वर्षांपूर्वीचे आकडे उपयोगाचे नाहीत. ज्यांना नीट शिकूनच पाण्याखाली जायचंय त्यांच्यासाठी मालवणजवळ तारकर्लीला एमटीडीसीची, म्हणजे राज्याच्या पर्यटन महामंडळाची, स्कूबा शिकवणारी संस्था आहे, तिथं चौकशी करा.

आता काही गोष्टी मी एकतर्फी लिहिल्या असं वाटू नये म्हणून. मी समुद्रशास्त्राची माणूस नाही, शाळेत सहावी ते दहावी शिकवते. पायानं तुटणं ही प्रवाळाची एकच अडचण नव्हे. पाणी तापलं की ते आतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, त्यापुढं भावोजींची टाच काहीच नाही. नद्यांतून येणारा गाळ आहेच. पण गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी मालवणच्या अभयारण्यात डायव्हिंगच्या पर्यटनामुळं प्रवाळ तुटतं हेही नोंदवलंय, म्हणजे आपला वाटा शून्य नाही. दुसरं, तिथल्या मच्छीमारांची बाजूही आहे. 1987 मध्ये 29 चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य जाहीर झालं तेव्हापासून त्यांचा त्याला विरोध राहिलाय, कारण बंधनं आली तर पोट त्यांचंच जाणार. त्यामुळं 'सगळं बंद करा' असं मी म्हणत नाही. भावोजी नेहमी म्हणतात, "मग काय जायचंच नाही का कुठं?" जा की. चांगलं वागणाऱ्या होडीवाल्याला ठरल्यापेक्षा जास्त पैसे द्या, आणि ते का देतोय हे त्याला तोंडानं सांगा. मला त्या शंभराच्या नोटेचं दुःख आहे ते यासाठी, की ती त्याला चूप करायला दिली होती.

आणि ही तयारी इथूनच करून जा. प्रवाळावर उभी राहणारी बहुतेक माणसं दुष्ट नसतात, घाबरलेली असतात. मास्कमध्ये पाणी गेलं, नळीतून श्वास जमेना, की पाय आपोआप खाली जातात. साताऱ्यात पोहायचे तलाव आहेत. निघायच्या आधीच्या रविवारी सगळ्या 14 जणांना घेऊन जा, मोठ्या माणसांना आधी. मास्क लावून पालथं तरंगायचं, तोंडानं हळू श्वास घ्यायचा, पाणी आत गेलं तर पाय न टेकता मान वर काढून मास्क रिकामा करायचा. दहा-दहा वेळा करून घ्या. लाईफ जॅकेट माणसाला बुडू देत नाही, हे अंगाला एकदा कळलं की पाय खाली जात नाहीत. मुलं अर्ध्या तासात शिकतील. घरातल्या सगळ्यात वयस्क माणसापाशी तुम्ही स्वतः थांबा, आणि तिथं समुद्रातही त्यांच्याच शेजारी उतरा.