एसएटीच्या क्लाससाठी एफडी मोडू का?

धायरीच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा नुकताच अकरावी सायन्सला गेलाय, दहावीपर्यंत मराठी माध्यम, गणितात पक्का. अमेरिकेत, जमलं तर एमआयटीत शिकायचं म्हणतो, पण तिथल्या प्रवेशासाठी द्यायच्या एसएटी परीक्षेतल्या इंग्रजीची धास्ती घेतलीय. डेक्कनवरचे एक सल्लागार क्लास आणि अर्ज मिळून 3 लाख 80 हजार मागताहेत, तेही एकरकमी. त्यासाठी एफडी मोडावी का?

ताई, मोडू नका. निदान दिवाळीपर्यंत तरी नाही.

आधी ती धास्ती बघू. एसएटी 1600 गुणांची, निम्मे गणिताला, निम्मे इंग्रजी वाचन-लेखनाला. आता ती कॉम्प्युटरवर होते आणि पूर्वीसारखे पानभर उतारे नसतात. 25 ते 150 शब्दांचा उतारा, त्यावर एकच प्रश्न. 64 मिनिटांत असे 54. त्यातले बरेच व्याकरणाचे असतात: इथे स्वल्पविराम की अर्धविराम, दोन वाक्यांमध्ये 'हाउएव्हर' बसेल की 'देअरफोर'. नियम घोकून इंग्रजी शिकलेली आपली मराठी शाळेतली पोरं इथे फारशी अडत नाहीत, कारण कानाला बरं वाटलं म्हणून ती उत्तर ठोकत नाहीत. अडतात शब्दसंग्रहावर आणि जुन्या कथा-कवितांच्या उताऱ्यांवर. त्यावर रोजचं वाचन हाच उपाय, आणि त्याला 3 लाख 80 हजार लागत नाहीत.

एसएटी घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक ॲपवर पूर्ण सराव परीक्षा फुकट आहेत, खान अकॅडमीचा अभ्यासही फुकट. परीक्षेची फी शंभर डॉलरच्या थोडी वर जाते. दोनदा द्यायची तयारी ठेवा. एमआयटी प्रत्येक विभागातले सर्वोत्तम गुण धरते, त्यामुळे दुसरी खेप वाया जात नाही. शिवाय टोफेल किंवा आयईएलटीएस ही इंग्रजीची वेगळी परीक्षा, आणि वाचन करून घ्यायला एखाद्या इंग्रजीच्या बाई. सगळं मिळून 60-70 हजारांत बसवा, महिन्याच्या पगारातून.

माझी खरी काळजी वेगळीच आहे. तिथला खर्च वर्षाला 80,000 डॉलरच्या पुढे. तुम्हा दोघांच्या पगारात तो बसत नाही, आणि एवढं कर्ज मी तुम्हाला काढू देणार नाही. म्हणजे आर्थिक मदत मिळाली तरच जाणं. मदत मागितल्याचा प्रवेशावर परिणाम होऊ न देणारी, परदेशी मुलांनाही गरजेइतकी मदत करणारी विद्यापीठं मोजकीच: एमआयटी, हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, ॲमहर्स्ट, डार्टमथ आणि आणखी थोडी. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की अर्ज मागे पडू शकतो. सल्लागारांनी दिलेली यादी तुम्ही जोडलीत ते बरं केलंत. तिच्यात बर्कली आहे! ते कॅलिफोर्नियाचं सरकारी विद्यापीठ, आणि तिथली सरकारी विद्यापीठं प्रवेशासाठी एसएटी बघतच नाहीत, आणि परदेशी मुलांना तिथे मदत नावापुरतीच.

एमआयटीत परदेशी अर्जदारांपैकी शंभरात दोन-तीनच घेतात, हेही मुलाला सांगा. गणित इतकं आवडतं तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची (सीएमआय) आणि इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची (आयएसआय) प्रवेश परीक्षा त्याने द्यायलाच हवी.

आणि हो, ते 3 लाख 80 हजार एफडीतच राहिले तर 7 टक्क्यांनी चार वर्षांत करापूर्वी त्यांचे जवळजवळ 5 लाख होतात. धाकटीची बारावी तेव्हाच येतेय ना?

येत्या रविवारी फोन दुसऱ्या खोलीत ठेवून त्याला ब्लूबुकची एक पूर्ण परीक्षा द्यायला लावा. दोन्ही विभागांचे आकडे मला वेगवेगळे कळवा. सल्लागारांकडे भरलेले पाच हजार टोकन परत मागून बघा. नाहीच दिले तर सोडून द्या.