तूप सोडू की तेल?

प्रश्न : ताई, आम्ही तासगाव तालुक्यातले. घरची द्राक्षबाग आणि बेदाण्याचं शेड आहे. आमच्या मालकांची (वय ५२) तीन महिन्यांच्या सरासरीची साखर ६.१ आली. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, खाणं सांभाळा. तेव्हापासून घरात रोज नवा नियम निघतो. पुण्याची नणंद म्हणते तूप बंद करा, भाचा म्हणतो तूप खा आणि तेल बंद करा. कुणी सांगतं गहू सोडून ज्वारी खा, साखरेऐवजी गूळ घाला, बेदाणे तर औषधच. सासूबाईंना बीपी आहे, त्यांनी आपणहून सैंधव सुरू केलंय. कुणाचं ऐकू? दोन-दोन स्वयंपाक करून मी दमले.
— एक वाचक, तासगाव तालुका

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य आधी घेते. दोन स्वयंपाक आजपासून बंद करा. मालकांचं, सासूबाईंचं आणि तुमचं ताट एकच असू शकतं, आणि तेच तुमच्याही तब्येतीला बरं.

आता नणंद आणि भाचा. दोघांचंही अर्धं खरं आहे, कारण दोघांनी अर्धंच सांगितलंय. कुणीही ‘हे सोडा’ किंवा ‘हे खा’ म्हटलं की लगेच विचारा, कशाच्या जागी? तुपातली निम्म्याहून जास्त चरबी संपृक्त, म्हणजे रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी असते, शेंगतेलातली साधारण पाचवा हिस्सा. फोडणीला तुपाच्या जागी शेंगतेल किंवा करडईचं तेल आलं तर रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उतरतं. पण तूप बंद केलं, भाकरी कोरडी लागली, पोट भरलं नाही म्हणून चार वाजता चहाबरोबर चार टोस्ट गेले, तर हृदयाला काही मिळालं नाही आणि साखर मात्र वाढली. संशोधनाच्या बातम्या एकमेकींच्या उलट वाटतात त्याचं एक मोठं कारण हेच. एका ठिकाणी लोकांनी संपृक्त चरबीच्या जागी तेल घेतलेलं असतं, दुसरीकडे मैदा-साखर. बातमीत ते येत नाही.

कधी कधी मात्र सल्ला खरंच बदलतो. मी सांगलीत हे काम सुरू केलं तेव्हा अंड्यातला बलक काढून टाका असं सगळ्यांना सांगायची. एका बलकात दोनशे मिलिग्रॅमच्या जवळपास कोलेस्टेरॉल असतं आणि दिवसाची मर्यादा तेव्हा तीनशे धरत. २०१५ साली अमेरिकेच्या आहार-मार्गदर्शनातून तो आकडा काढला, कारण बहुतेकांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल अंड्यापेक्षा संपृक्त चरबीने जास्त वाढतं. मग मीही सांगणं बदललं. ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांतल्या जेवढ्या भेटल्या तेवढ्यांना परत सांगितलं.

ज्वारीचं म्हणाल तर भाताच्या जागी भाकरी आली, फायदा आहे. पण न चाळलेली कणीक आणि ज्वारीचं पीठ यांत प्रथिनं आणि चोथा जवळपास सारखेच, शंभर ग्रॅममागे दहाच्या आसपास. त्यामुळे चपाती की भाकरी यापेक्षा किती, हे बघा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दोन हजार कॅलरीच्या दिवसाचा हिशेब दिलाय, कच्च्या वजनाचा : धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४००, फळं १००, डाळी-कडधान्यं (अंडी-मटण धरून) ८५, दूध-दही ३०० मिली, दाणे-तीळ वगैरे ३५, तेल-तूप मिळून २७. धान्यापेक्षा भाजी जास्त! आपल्याकडे भाकरीची चवड असते आणि भाजी तोंडी लावायला. चौघांच्या घरात रोज दीड किलोवर भाजी लागते. कृष्णाकाठची वांगी, मेथी, गवार, दोडका, जे स्वस्त असेल ते आणा. मालकांची एक भाकरी कमी करून तिथे वाटीभर मटकीची उसळ वाढा.

तेलाचा हिशेब फार सोपा आहे. वरच्या मापाने १५ किलोचा डबा चौघांना साडेचार महिने पुरायला हवा, तोही घरात तूप अजिबात नसेल तर. माझ्या माहेरी, बुधगावला, तो अडीच महिन्यांत संपायचा. डबा फोडाल त्या दिवसाची तारीख त्याच्यावर लिहा. भाकरीवर चमचाभर तूप हवंच असेल तर फोडणीतलं चमचाभर तेल कमी करा आणि निवांत खा.

गूळ साखरेच्या जागी आला तरी तोही बहुतांश साखरच, मालकांसाठी फरक नाही. चहातला गोडवाच हळूहळू कमी करा. बेदाण्याचं मी तुम्हाला काय सांगायचं? चार किलो द्राक्षांचा एक किलो होतो, म्हणजे पाणी गेलं आणि साखर उरली. मूठभर, तीस ग्रॅम बेदाण्यात चार चमचे साखर धरा. शेडात येता-जाता मालक किती मुठी तोंडात टाकतात, ते एक दिवस नुसतं मोजा. पेढ्याच्या जागी पाच-सहा बेदाणे चालतील. मधल्या वेळच्या शेंगदाण्यांच्या जागी नकोत.

सैंधव म्हणजे मीठच, सोडियम तेवढंच, आणि पाकिटावर लिहिलं नसेल तर त्यात आयोडीनही नसतं. सासूबाईंना दिवसभराचं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचा, आणि त्यात लोणचं, पापड, ठेचा सगळं धरायचं. ‘कमी सोडियम’ लिहिलेलं मीठ कुणी सुचवेल, ते मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. मूत्रपिंड अशक्त असेल किंवा बीपीच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील तर ते रक्तात साठतं. त्यांच्या गोळ्यांची पट्टी आणि शेवटचा क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट घेऊन आधी डॉक्टरांना दाखवा.