ट्रेकच्या सॅकमधलं जंतुनाशक: वाचकांचे प्रश्न

पावसाळी ट्रेकचे बेत सुरू झाले की तीच ती पत्रं येतात: जखमेवर लावायला हलकं काय न्यावं? यंदा सगळ्यांना एकदमच उत्तर देतो.

बाटली न्यावी की ट्यूब?
ट्यूब. पोव्हिडोन आयोडिनचं ५ टक्के मलम, १५-२० ग्रॅमचं. बाटली सॅकमध्ये सांडते आणि सगळ्या कपड्यांना तपकिरी डाग पडतात. थायरॉइडचा त्रास, गरोदरपण किंवा आयोडिनची अ‍ॅलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

स्पिरिट झोंबतं, म्हणजे जंतू मरतात ना?
जंतूंबरोबर तुमच्या पेशीही मरतात. फेसाळणाऱ्या हायड्रोजन पेरॉक्साइडचंही तेच. स्पिरिट चिमटा पुसायला ठेवा.

गुडघा फुटल्यावर लगेच मलम लावलं, तरी दोन दिवसांनी पू झाला. मलम कमी ताकदीचं होतं का?
मलमाला दोष देऊ नका. जखम धुतली होती का, हे पत्रात कुठेच नाही! रक्त आणि माती मिसळली की आयोडिनचा जोर ओसरतो. तपकिरी रंग फिका पडला म्हणजे ते संपलं. मातीवर मलम थापणं म्हणजे केरावर सतरंजी अंथरणं. आधी साबणाने हात धुवा. सुई न लावलेली २० मिलीची सिरिंज पिण्याच्या पाण्याने भरा आणि जखमेत जोराने पिचकारी मारा. निदान अर्धा लिटर पाणी लागतं, चिखल असेल तर लिटरभर. ओढ्याचं पाणी नको. दिसणारे खडे स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने काढा, पुन्हा धुवा, मग मलमाचा पातळ थर आणि वर गॉज. कापूस नको, त्याचे तंतू जखमेत अडकतात. हळद, कॉफी, तंबाखू तर नकोच. जखम खोल असेल, कडा मिटत नसतील किंवा १० मिनिटं दाबूनही रक्त थांबत नसेल तर थेट दवाखाना. आता पू झालाच आहे, तर उद्यावर ढकलू नका.

‘ट्रेकर्स स्पेशल’ स्प्रे घेऊ का?
मागच्या बाजूचे घटक वाचा. बऱ्याचदा नेहमीचंच औषध असतं, पैसे डोंगराच्या चित्राचे.

डेटॉल किंवा सॅव्हलॉन छोट्या बाटलीत काढून नेलं तर?
न्या, पण नाव आणि पाणी मिसळायचं प्रमाण लिहून चिकटवा. न मिसळता लावलं तर कातडी भाजते. साबण राहिला असेल तर सॅव्हलॉनचा उपयोग कमी होतो.

धनुर्वाताचं इंजेक्शन दर ६ महिन्यांनी घ्यावं लागतं का?
नाही. सगळे डोस पूर्ण असतील तर मळलेल्या जखमेला शेवटच्या डोसनंतर ५ वर्षं झाली असतील तरच पुन्हा घ्यायचं, स्वच्छ किरकोळ जखमेला १० वर्षं झाली असतील तर. आठवत नसेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

गडावर माकडाने ओरबाडलं, रक्त आलं नाही. मलम लावून ट्रेक पूर्ण करू का?
नाही. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं घड्याळ लावून धुवा, मग आयोडिन, आणि त्याच दिवशी रेबीजची लस. रक्त आलं असतं तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागलं असतं. ते प्रत्येक दवाखान्यात नसतं, म्हणून गड उतरतानाच तालुक्याच्या रुग्णालयात फोन करून विचारायचं. रविवार आहे म्हणून सोमवारची वाट पाहू नका.