आधी विहीर, मग मोटर

भाऊ, राम राम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा पैशासाठी आणि दुसऱ्यांदा त्यातल्या गाण्यासाठी. वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमची हकीकत थोडक्यात मांडतो. तुम्ही यवतमाळच्या दारव्हा तालुक्यात जिल्हा परिषद शाळेवर शिक्षक, वय ४१, नोकरी २००९ पासूनची. घरची आठ एकर कोरडवाहू. यंदा ४६ क्विंटल कापूस झाला, थोडा सीसीआयला (केंद्राच्या कापूस महामंडळाला), थोडा व्यापाऱ्याला दिला, आणि चुकाऱ्याचे ३,४०,००० रुपये खात्यात आले. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज १,८०,००० आहे. मुलगा अकरावीत अमरावतीला. दोन-तीन वर्षांत घरावर स्लॅब टाकून वर एक मोठी खोली काढायची आहे. रोज पहाटे दीड तास तुम्ही आणि बाबा गाणं ऐकता, तेही फोनला जोडलेल्या छोट्या डब्यावर. शनिवार-रविवारी घरातले सगळे मिळून सिनेमा बघतात. आता तुम्हाला गाण्यालाही चांगला आणि सिनेमाच्या सराउंडलाही (चहूबाजूंनी येणाऱ्या आवाजालाही) चालेल असा ॲम्प्लिफायर, म्हणजे स्पीकर चालवणारं यंत्र, हवा आहे. नागपूरच्या दुकानदारानं ७.१ चा (सात स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर) पूर्ण सेट २,४०,००० ला सांगितला, बारा हप्ते, 'व्याज शून्य'. दुसरा पर्याय म्हणजे गाण्याला वेगळा स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि सिनेमाला वेगळा एव्ही रिसीव्हर, म्हणजे सराउंडचा ॲम्प्लिफायर. आणि गावात लोक म्हणतात, यंदा कर्जमाफीची बोलणी आहेत, सोसायटी भरू नका.

सोसायटीपासूनच सुरू करतो, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. पीककर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची तीन टक्के सवलत मिळून सात टक्क्यांचं व्याज चारवर येतं. थकवलं तर ती सवलत जाते, म्हणजे तुमच्या रकमेवर वर्षाला ५,४०० रुपये. पण खरा फटका मे महिन्यात बसतो. थकबाकीदाराला नवं कर्ज मिळत नाही, मग बियाणं-खत कृषी केंद्राच्या उधारीवर उचलावं लागतं आणि तिथे महिन्याला दोन टक्के म्हणजे वर्षाला चोवीस. राहिली कर्जमाफी. २०१७ आणि २०१९ या दोन्ही वेळी तुमच्यासारखे पगारदार शिक्षक यादीतून वगळले होते. कर्ज तुमच्याच नावावर आहे. तेव्हा शेजाऱ्याच्या आशेवर तुम्ही बसू नका. १,८०,००० या आठवड्यात भरा, पावती घ्या, मग पुढचं वाचा.

उरले १,६०,०००. यातला पैसा आवडीवर घालायला माझी हरकत नाही, हे स्पष्ट लिहितो. तुम्ही दहा वर्षांत स्वतःसाठी काही घेतलं नाही, बाबांचं वय ७४, आणि पहाटेचा तो दीड तास तुमच्या घरातला सर्वांत चांगला वेळ आहे. त्याला किंमत आहे. फक्त ती कापसात मोजून बघा. यंदा तुम्हाला सरासरी ७,४०० चा भाव पडला, २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला ८,११० असूनही, कारण व्यापाऱ्यानं ओलावा दाखवून कापलं. त्या भावानं दुकानदाराचा सेट म्हणजे ३२ क्विंटल. ४६ पैकी ३२! वेचणीची मजुरी, फवारणी, सगळं त्यातच.

'व्याज शून्य' कसं असतं तेही बघा. त्याच दुकानात विचारा, 'आज रोख दिले तर किती?' तो २,२२,००० म्हणाला, तर मधले १८,००० म्हणजे व्याजच; फक्त वस्तूच्या किमतीत कालवलेलं. वर बँक त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लावते, म्हणजे आणखी ३,२४०, शिवाय प्रोसेसिंग फी. महिन्याला २०,००० चा हप्ता तुमच्या पगारातून जाणार आणि त्याच वर्षी मुलाच्या बारावीची फी. हप्ता नको.

आता यंत्राकडे येतो. मी आर्थिक सल्लागार आहे, पण वीस वर्षं स्टिरिओवर गाणं ऐकणारा माणूसही आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

स्टिरिओ ॲम्प्लिफायरला दोनच स्पीकर चालवायचे असतात. तुमचा सगळा पैसा एक पॉवर सप्लाय आणि दोन चॅनलवर जातो. एव्ही रिसीव्हरमध्ये तोच पैसा सात चॅनल, एचडीएमआयचं (टीव्हीला जोडणाऱ्या वायरीचं) बोर्ड, डॉल्बीचं (सिनेमाच्या सराउंड आवाजाचं) डिकोडिंग आणि चित्राच्या सर्किटमध्ये वाटला जातो. म्हणून सारख्या किमतीत दोन स्पीकरवरचं गाणं बहुधा स्टिरिओचंच सरस असतं. रिसीव्हरवर '१०० वॅट × ७' लिहिलेलं असलं तरी पेटी उलटी करून मागची पट्टी वाचा. तिथे वीजवापर ४५०-५०० वॅट दिसेल. तो कमाल आकडा नसतो, तरी ५०० आत घेऊन ७०० बाहेर कोणी सतत काढू शकत नाही, एवढं कळायला पुरे. तो शंभराचा आकडा बहुतेक वेळा एक किंवा दोनच चॅनल चालवून मोजलेला असतो. आकडा विचाराल तेव्हा पूर्ण विचारा: ८ ओमवर, दोन्ही चॅनल चालू, २० ते २०,००० हर्ट्झ. हा आकडा न सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

आणि वॅटच्या मागे धावूही नका. ६० वॅट आणि १०० वॅट यांत आवाजाचा फरक सव्वादोन डेसिबलचा, कानाला जेमतेम कळणारा. ८७ डेसिबल क्षमतेचा स्पीकर एका वॅटमध्ये एक मीटरवर ८७ डेसिबल देतो, आणि तुम्ही बसता आठ फुटांवर. पहाटेच्या गाण्याला बहुतेक वेळ एक-दोन वॅटच लागतात. जास्तीचे वीस-तीस हजार घालायचेच तर स्पीकरवर घाला.

तुमच्या पत्रातला खोलीचा नकाशा माझ्या दृष्टीनं निर्णायक ठरला. बैठक ११ बाय १३ फूट, वर कवेलू, खाली शहाबादी फरशी. दिवाण मागच्या भिंतीला टेकलेला, उजव्या हाताला स्वयंपाकघराचं दार. सराउंडचे स्पीकर बसणाऱ्याच्या बाजूला किंवा किंचित मागे, कानाच्या जरा वर लागतात. तुमच्याकडे मागे भिंत आणि उजवीकडे दार. म्हणजे एक स्पीकर डोक्याला चिकटून आणि दुसऱ्याला जागाच नाही. सात स्पीकरचे पैसे द्याल आणि ऐकू येतील चार. वरची खोली झाली की हा प्रश्न सुटतो, पण ती व्हायला तीन वर्षं आहेत.

तुमचे आठवड्याचे तासही मांडा: गाणं साडेदहा, सिनेमा पाच. आणि गाणं कोणतं? तुम्ही लिहिता, बाबांना तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं आणि तुम्हाला वसंतराव. वसंतराव देशपांडे १९२० मध्ये आपल्या मूर्तिजापुरातच जन्मले, त्यांचं जुनं रेडिओचं गाणं आणि महाराजांची भजनं यांतलं बरंचसं मोनो, एका मायकावर घेतलेलं. दोन चांगले स्पीकर नीट लावले की तो आवाज दोघांच्या बरोबर मधोमध उभा राहतो, जणू माणूस समोर बसून गातो आहे. तेच गाणं सात स्पीकरमधून सोडलं की खोलीभर पसरतं आणि माणूस हरवतो.

म्हणून माझा सल्ला: आता स्टिरिओ घ्या, सराउंड वरच्या खोलीसाठी ठेवा. कारण टिकण्याचं आहे. कोरडवाहू रान ओलिताखाली आणायचं तर आपण आधी विहीर खोदतो, पाणी लागलं की मोटर बसवतो. मोटर आधी आणून कोठ्यात ठेवली तर तीन वर्षांत ती नुसती जुनी होते. चांगला स्टिरिओ ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ही विहीर, पंधरा-वीस वर्षं जाते. माझा २००४ चा अजून रोज वाजतो. एव्ही रिसीव्हर ही मोटर. त्यातलं एचडीएमआय दर काही वर्षांनी बदलतं. २०१७ मध्ये २.१ आलं आणि त्याआधीचे महागडे रिसीव्हर नव्या टीव्हीपुढे मागे पडले. जी वस्तू लवकर शिळी होते, ती गरजेच्या दिवशीच घ्यावी.

फक्त स्टिरिओ निवडताना एक गोष्ट पक्की बघा: मागे 'होम थिएटर बायपास' किंवा 'मेन इन', म्हणजे रिसीव्हरचा आवाज आत घ्यायची जागा, हवं. तीन वर्षांनी प्री-आउट (दुसऱ्या ॲम्प्लिफायरला आवाज द्यायची जागा) असलेला रिसीव्हर आणला की समोरच्या दोन स्पीकरचा आवाज त्या वाटेनं तुमच्याच स्टिरिओतून जाईल, आणि गाणं ऐकताना रिसीव्हर बंद ठेवता येईल. आजचा एक रुपयाही वाया जाणार नाही. स्वस्त रिसीव्हरना फक्त सबवूफरचा प्री-आउट असतो, तेव्हा पुढे तो जरा वरच्या पातळीचा घ्यावा लागेल, हे आताच लक्षात असू द्या. स्टिरिओला सबवूफरसाठी आउट असेल तर उत्तम. टीव्हीचा आवाज एचडीएमआय एआरसीनं, म्हणजे एचडीएमआयच्याच वायरीतून, आला तर एकाच रिमोटवर काम होतं. ते नसेल तर ऑप्टिकल वायर पुरते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम' (साधा डिजिटल आवाज) करायला विसरू नका, नाहीतर टीव्ही डॉल्बी पाठवेल, स्टिरिओला ते उलगडणार नाही, आणि तुम्हाला वाटेल मशीनच खराब आहे. पोरांचा सिनेमा दोन स्पीकरवरसुद्धा टीव्हीच्या आवाजापेक्षा कितीतरी मोठा वाटेल.

विजेचा खर्च तुमच्या यादीत नव्हता, तो मी घालतो. तीन वर्षांपूर्वी मिरगाच्या पहिल्या पावसात आमच्या डीपीवर (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) न्यूट्रलची वायर तुटली. संध्याकाळची वेळ, मी अंगणात होतो. घरातल्या पंख्याचा आवाज एकदम चढला, बल्ब पांढरा लख्ख झाला, आणि मी मेन स्विचपर्यंत पोहोचेस्तोवर टीव्ही आणि फ्रिजचं कार्ड गेलं होतं. २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट घरात येतात अशा वेळी. स्टिरिओ वाचला, कारण मी त्याची पिन उपसून ठेवली होती. वॉरंटी अशा जळण्याला सहसा लागू होत नाही. तेव्हा जास्त व्होल्टेजला लाईन तोडणारा आणि लाईन आल्यावर काही मिनिटं थांबून चालू होणारा स्टॅबिलायझर, आणि घराला नवीन अर्थिंग, यासाठी १४,००० बाजूला ठेवा. वीज कडाडली की पिन उपसायची, केबल आणि इंटरनेटची वायरसुद्धा.

उन्हाचंही तसंच. बऱ्याच ॲम्प्लिफायरच्या पुस्तिकेत ३५-४० अंशांपर्यंतच चालवा असं लिहिलेलं असतं, आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५. वर चार-सहा इंच मोकळं ठेवा. वहिनींना सांगा, क्रोशाचं कव्हर टीव्हीवर घाला, यावर नको. कूलरचा ओला झोतही त्याच्या अंगावर नको.

हिशेब असा बसतो. तुम्हाला मिळालेल्या भावांप्रमाणे स्टिरिओ ६२,०००, बुकशेल्फ स्पीकरची जोडी ३८,०००, स्टँड आणि वायर ६,०००, वीज १४,०००. एकूण १,२०,०००, म्हणजे १६ क्विंटल. सगळं रोख. फरशीवर दोन जाड सतरंज्या आणि समोरच्या भिंतीला गोधडी टांगा. आवाजाचा घुमारा कमी होईल. हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त जाणवणारा बदल आहे, घरात ते असणारच. उरलेले ४०,००० स्लॅबच्या खात्यात.

वहिनींचं म्हणणं तुम्ही एका ओळीत उरकलं: 'ती म्हणते आधी स्लॅब.' त्यांचं बरोबर आहे, आणि या मांडणीत त्यांचा स्लॅब मागे पडत नाही. तुम्ही बँकेतली दीड लाखाची एफडी मोडायचं लिहिलं आहे, तो विचार मात्र सोडा. तुमची नोकरी नोव्हेंबर २००५ नंतरची, म्हणजे तुम्हाला जुनी पेन्शन गृहीत धरता येत नाही. घरात चार महिन्यांचा खर्च आणि बाबांच्या दवाखान्याचा पैसा हाताशी असायलाच हवा. ती एफडी तेवढ्यासाठी आहे.

खरेदीला जाताना बाबांना सोबत न्या. दुकानदाराचं गाणं ऐकू नका, त्याची निवड नेहमी छातीत धडधडणारी असते. बाबांचं एक भजन आणि तुमचं एक गाणं पेन ड्राइव्हवर घेऊन जा, आवाज घरी ठेवता तेवढाच ठेवा, आणि प्रत्येक जोडीवर तेच दोन तुकडे ऐका. खंजिरीचा घुंगरू वेगळा ऐकू येतो का आणि महाराजांचा शब्द स्पष्ट लागतो का, एवढंच बाबांना विचारा.

त्याआधी एक काम करा. साधा मल्टिमीटर आणा आणि दहा दिवस सकाळी पाच वाजता आणि संध्याकाळी सात वाजता, शिवारातल्या मोटरा चालू असताना, बोर्डावरचं व्होल्टेज एका कागदावर लिहा. तो कागद मला पाठवा. संध्याकाळी १७० च्या खाली जात असेल तर स्टॅबिलायझर वेगळ्या रेंजचा लागेल आणि १४,००० चा आकडा मला थोडा वाढवावा लागेल.