सहा टक्के, आठ टक्के आणि खरा नफा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दुकानाचे २०२५-२६ चे आकडे पाहिले. सीसीटीव्ही, इन्व्हर्टर आणि दुरुस्ती मिळून उलाढाल २८ लाख; त्यातले २२ लाख यूपीआय आणि चेकने, ६ लाख रोख. ‘४४एडीखाली कमीत कमी किती नफा दाखवता येईल?’ असं तू विचारलं आहेस. ४४एडी म्हणजे आयकराचं ते कलम, ज्यात छोट्या धंद्याला उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांनी नफा दाखवता येतो. आकडा सोपा आहे. बँकेतून आलेल्या २२ लाखांवर ६ टक्के, म्हणजे १,३२,००० आणि रोख ६ लाखांवर ८ टक्के, म्हणजे ४८,०००. बेरीज १,८०,०००. ३१ मार्चला येणं असलेली बिलं विवरणपत्राच्या मुदतीआधी चेकने किंवा यूपीआयने वसूल झाली, तर त्यांनाही ६ टक्केच लागतात.

पण ही टक्केवारी म्हणजे तळ आहे. प्रत्यक्ष कमाई त्याहून जास्त असेल तर जास्तच दाखवायची, हे त्याच कलमात आहे. माल, भाडं आणि मदतनिसाचा पगार वजा जाता तुझ्या हातात साधारण साडेसहा लाख उरलेले दिसतात. तेवढेच दाखव. नव्या करप्रणालीत पहिल्या ४ लाखांवर कर नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्के. साडेसहा लाखांवर कर होतो १२,५०० आणि उत्पन्न १२ लाखांच्या आत असल्याने कलम ८७एच्या सवलतीत तो पूर्ण माफ होतो. म्हणजे १ लाख ८० हजार दाखवले तरी कर शून्य, साडेसहा लाख दाखवले तरी शून्य. मग लपवून काय पदरात पडणार? उलट उद्या घरासाठी कर्ज मागायला गेलास की बँक मागच्या वर्षांची विवरणपत्रंच पाहणार. शिवाय आयकर खात्याच्या एआयएसमध्ये, म्हणजे तुझ्या वर्षभराच्या व्यवहारांच्या यादीत, तुझं ठेवींचं व्याज आणि म्युच्युअल फंडाची खरेदी दिसतेच. वर्षाला १ लाख ८० हजार कमावणाऱ्याने ती केली कशी, या प्रश्नाला तुझ्याकडे उत्तर नसेल.

शेअर अल्पमुदतीत विकून नफा झाला असेल तर तो वेगळा काढ. त्यावरच्या २० टक्के कराला ही माफी लागू नाही, आणि ४४एडीवाल्यांच्या आयटीआर-४ या विवरणपत्राऐवजी आयटीआर-३ भरावा लागतो. पगारदारांची ७५,००० ची प्रमाणित वजावटही धंद्याच्या उत्पन्नाला मिळत नाही. पुष्कळ जण ती चुकून धरतात. आणखी एक गोष्ट लक्षात ठेव. यंदा ४४एडी घेऊन पुढच्या वर्षी टक्केवारीपेक्षा कमी नफा दाखवलास, तर पुढची ५ वर्षं हा मार्ग बंद होतो, आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेवर असेल तर हिशेबवह्या आणि ऑडिट दोन्ही मागे लागतात.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते त्याबद्दल. जीएसटीची मर्यादा ४० लाख आहे असं तू धरून चालला आहेस. ती फक्त निव्वळ माल विकणाऱ्यासाठी. तू देखभालीचे वार्षिक करार करतोस, दुरुस्तीची मजुरी घेतोस. ती सेवा झाली. सेवा मिसळली की महाराष्ट्रात मर्यादा २० लाख, आणि तीही माल व मजुरी दोन्हींची बेरीज धरून. ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. वेळेत केला तर दुकानात पडून असलेल्या मालावर भरलेल्या कराचं इनपुट क्रेडिट, म्हणजे पुढच्या करातून वजावट, मिळतं. उशीर झाला की ते हातचं जातं. तुझी २० लाखांनंतरची बिलं ८ लाखांची आहेत. घेतलेल्या किमतीतच १८ टक्के कर धरला, तरी सुमारे १ लाख २२ हजार होतात, वर सालीना १८ टक्के व्याज. गिऱ्हाईक आता ते देणार नाही, म्हणजे तुझ्याच खिशातून जाणार. म्हणून वाट न बघता अर्ज कर. कंपोझिशन योजनेचा, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने जीएसटी भरण्याचा, मोह होईल. तिच्यात व्यापाऱ्याला कर १ टक्काच आहे, पण गिऱ्हाइकाकडून तो वेगळा घेता येत नाही आणि घेणाऱ्याला क्रेडिट मिळत नाही. तुझं बरंचसं काम कंपन्यांचं आहे, त्यांना असं बिल परवडत नाही.

कंपन्या पैसे देतानाच टीडीएस, म्हणजे तुझ्या नावचा आयकर, कापतात, तिथे एक चूक नेहमी होते. ८०,००० च्या बिलावर १ टक्का कापून बँकेत ७९,२०० येतात आणि उलाढाल तेवढीच लिहिली जाते. उलाढाल ८०,००० च लिही. कापलेले ८०० हा तू आधीच भरलेला कर आहे आणि तो परत मिळतो. कापलेल्या कराची नोंद ज्यात असते त्या २६एएसशी एकेक बिल ताडून पाहा. पुढे जीएसटीच्या विवरणातली उलाढालही आयकराच्या उलाढालीशी जुळायला हवी.

मित्राकडून २०,००० किंवा त्याहून जास्त हातउसने रोखीत घेऊ नकोस. दंड घेतलेल्या रकमेएवढा होऊ शकतो.

व्यवसाय कराचे तुझे स्वतःचे २,५०० दर वर्षी ३० जूनपर्यंत भरायचे. मदतनिसाला १०,००० च्या वर पगार आहे, तेव्हा त्याचे महिना २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापून भरायचे. त्यासाठी नोंदणी वेगळी लागते.

१ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे क्रमांक बदलले. पण २०२५-२६ चं विवरणपत्र १९६१ च्या कायद्यानेच भरायचं, त्यामुळे गोंधळू नकोस. पुढे कधी कर १०,००० किंवा त्याहून जास्त होईलसं दिसलं, तर आगाऊ कर एकाच हप्त्यात १५ मार्चपर्यंत भर.

रविवारी येताना चालू खात्याचं बारा महिन्यांचं स्टेटमेंट, खरेदीची बिलं आणि गुमास्ता परवाना आण. जीएसटीचा अर्ज त्याच दिवशी भरू.

तुझा,
काका