सहा हजारांचं डिडक्टिबल आणि फेब्रुवारीतलं बाळंतपण

न्यू जर्सीतल्या एडिसनहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: नवऱ्याच्या कंपनीत २०२६ साठीचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे पुढच्या वर्षाचा आरोग्य विमा निवडायची मुदत, सुरू आहे, १४ नोव्हेंबर शेवटची तारीख. आत्ता घरात पीपीओ (जास्त हप्त्याचा, नेहमीचा प्लॅन) आहे. पगारातून महिना ६४० डॉलर जातात, कुटुंबाचं डिडक्टिबल (इन्शुरन्सने पैसे द्यायला लागण्याआधी वर्षात आपण भरायची रक्कम) १,५००, त्यापुढे बिलाचे वीस टक्के आपले आणि आपल्या खिशातून जाणाऱ्या खर्चाची वर्षाची कमाल मर्यादा ६,००० डॉलर. कंपनी आता हाय-डिडक्टिबल प्लॅनकडे लोकांना ढकलतेय. त्याचा हप्ता ३१०, डिडक्टिबल सगळ्या कुटुंबाचं मिळून ६,०००, त्यापुढे वीस टक्के, मर्यादा ९,०००. शिवाय कंपनी एचएसए खात्यात (अशा प्लॅनसोबत मिळणारं, वैद्यकीय खर्चासाठीचं करमुक्त बचत खातं) १,५०० टाकणार. सहा वर्षांच्या मुलाला दमा आहे आणि दुसरं बाळ २० फेब्रुवारीच्या सुमारास येणार आहे. शिल्लक जेमतेम चार हजार, कारण दरमहा हजार डॉलर पुण्यातल्या वाकडच्या फ्लॅटच्या कर्जात जादा भरले जातात. "हे म्हणतात, हप्ता निम्मा आहे, घेऊन टाकू. मैत्रीण म्हणते, बाळंतपणाच्या वर्षी हे धाडस करू नकोस. मला रात्री झोप लागत नाही," असं ताई लिहितात.

ताई, नमस्कार. तुमच्या मैत्रिणीचं म्हणणं मी इतक्या वेळा ऐकलंय की ते आता नियमासारखं झालंय: आजारपण नसेल तर हाय-डिडक्टिबल, बाळ होणार असेल तर पीपीओ. तुमचे आकडे मांडून बघितले तर हा नियम तुमच्या घरी लागू पडत नाही.

आधी वर्षभराचा हप्ता. पीपीओचे ७,६८० होतात, दुसऱ्याचे ३,७२०. फरक ३,९६०. त्यात कंपनीचे १,५०० मिळवले की ५,४६०. म्हणजे पीपीओ घेतलात तर डॉक्टरचं तोंड बघण्याआधीच तुम्ही ५,४६० डॉलर सोडून दिलेले असतात. मग समजा बाळंतपणाचं, इन्शुरन्सने मान्य केलेलं बिल २०,००० झालं. पीपीओत तुम्ही १,५०० आणि उरलेल्याचे वीस टक्के, म्हणजे ३,७०० असे ५,२०० भराल. हप्ता धरून वर्ष पडलं १२,८८० ला. हाय-डिडक्टिबलमध्ये ६,००० अधिक २,८०० मिळून ८,८०० भराल. हप्ता मिळवून आणि कंपनीचे पैसे वजा करून ११,०२०. स्वस्त कोण? आणि देव न करो, बाळाला चार दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) ठेवावं लागलं आणि दोन्हीकडे मर्यादा गाठली, तर पीपीओ १३,६८० आणि दुसरा ११,२२०. वाईटातल्या वाईट वर्षीसुद्धा २,४६० डॉलरनी हाय-डिडक्टिबलच पुढे.

डिडक्टिबलचा सहा हजार हा आकडा डोळ्यांत खुपतो, कारण तो बिलावर लिहून येतो. हप्ता पगारातून मुकाट्याने जातो, त्याचं दुखणं जाणवत नाही. यजमानांचं उत्तर बरोबर आहे, पण "हप्ता निम्मा" एवढंच त्यांचं कारण असेल तर ते अपुरं आहे. तुमच्या भीतीतही तथ्य आहे. ती खर्चाची नाही, वेळेची आहे. पीपीओ तुमच्याकडून बारा महिने थोडं थोडं घेतो. हा प्लॅन मार्चमध्ये एकदम दारात उभा राहील, आणि तेव्हा बँकेत चार हजार असतील.

म्हणून मी हाय-डिडक्टिबल घ्या म्हणते, पण एका अटीवर: वाचलेला हप्ता घरखर्चात विरघळू द्यायचा नाही. तेच ३३० डॉलर पगारातूनच, हातात येण्याआधी, एचएसएत वळवा. पीपीओचा हप्ताही करापूर्वीच कापला जात होता आणि हेही करापूर्वीच जातील, त्यामुळे हातात येणाऱ्या पगारात जवळपास काहीच फरक पडणार नाही. वर्षाअखेर खात्यात ५,४६० झालेले असतील. डिडक्टिबलला ५४० कमी, एवढंच.

जमलं तर महिना ६०० करा. एचएसएत टाकायची कुटुंबासाठीची २०२६ ची मर्यादा ८,७५० डॉलर आहे आणि कंपनीचे १,५०० त्यातच मोजले जातात. सहाशेच्या हिशेबाने तुम्ही ८,७०० ला पोचता, म्हणजे नऊ हजारांच्या कमाल खर्चाला जवळजवळ भिडता. जादा २७० डॉलरवर केंद्रीय आयकर नाही (तुमच्या उत्पन्नाला २२ टक्क्यांचा टप्पा धरलाय) आणि सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे ७.६५ टक्केही नाहीत, त्यामुळे हातातला पगार साधारण १९० नीच कमी होईल. एक चिमटा मात्र आपल्या राज्याचा. न्यू जर्सी आणि कॅलिफोर्निया एचएसएला राज्याच्या करात सूट देत नाहीत. डब्ल्यू-२ वर (कंपनी देते त्या वर्षाच्या पगाराच्या दाखल्यावर) राज्याचा पगार केंद्रापेक्षा जास्त दिसला तर ती चूक नसते. दरवर्षी फेब्रुवारीत या एका प्रश्नाचे मला डझनभर फोन येतात.

आता वेळेचा प्रश्न. एचएसए हे एफएसएसारखं (नोकरीतून मिळणारं, वैद्यकीय खर्चाचं दुसरं करमुक्त खातं) नाही. एफएसएत वर्षाची सगळी रक्कम १ जानेवारीलाच वापरता येते, एचएसएत जेवढं पडलंय तेवढंच काढता येतं. बाळ येईपर्यंत तिथे कंपनीचे दीड हजार आणि तुमचे हजारभर असतील. कंपनीचे पैसे एकदम जानेवारीत येतात की दर तिमाहीला तुकड्यांत, हे एचआरला आजच विचारा. पण एक सोय फार कमी लोक वापरतात: बिल आज स्वतःच्या खिशातून भरा, पावती ठेवा आणि एचएसएत पैसे जमले की ऑगस्टमध्ये, नाहीतर तीन वर्षांनी, तेवढी रक्कम करमुक्त काढून घ्या. त्याला मुदत नाही. अट एकच, खर्चाच्या दिवशी खातं उघडलेलं असलं पाहिजे. नोंदणी केली म्हणजे खातं उघडलं असं नसतं. ओळखीची कागदपत्रं मागणारी ईमेल स्पॅममध्ये पडून राहते आणि खातं मार्चमध्ये जागं होतं, हे मी पाहिलंय. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात लॉगिन करून खातं चालू झाल्याची खात्री करा.

मधला खड्डा भरायला वाकडचे जादा हप्ते जानेवारी ते जून थांबवा. नेहमीचा ईएमआय चालू ठेवायचा, फक्त वरचे हजार नाहीत. सहा महिन्यांत सहा हजार रोख बाजूला पडतात. कर्ज साडेआठ टक्क्यांचं आहे असं तुम्ही लिहिलंय, म्हणजे त्या सहा हजारांवर वर्षाला पाचशेच्या आसपास जादा व्याज जाईल. जाऊ दे. फ्लॅट लवकर आपला व्हावा ही ओढ मला कळते, माझंही नाशिकला असंच एक प्रकरण होतं. पण भारतातलं कर्ज फेडता फेडता इथलं बिल क्रेडिट कार्डावर टाकणारी घरं मी बघितली आहेत, आणि कार्डाचं व्याज साडेआठ टक्के नसतं.

यानंतरची गोष्ट तुमच्या पत्रात एका ओळीत, जाता जाता आली आहे आणि तिथेच खरा सुरुंग आहे. तुमच्या शाळेच्या नोकरीत तुम्ही दरवर्षी २,००० ची एफएसए घेता. सर्वसाधारण एफएसएतून नवऱ्याचाही खर्च भागवता येतो, म्हणून कायद्याच्या नजरेत त्यांना दुसरं संरक्षण आहे असं धरलं जातं आणि ते एचएसएत पैसे टाकायला अपात्र ठरतात. तुमचा फॉर्म वेगळ्या ऑफिसात, त्यांचा वेगळ्या, त्यामुळे कुणीही अडवत नाही. कळतं ते कर भरताना. तेव्हा २०२६ ला तुम्ही ती एफएसए घेऊ नका. दात आणि चष्म्यापुरती मर्यादित एफएसए मिळत असेल तर ती खुशाल घ्या, ती चालते. या वर्षीची, म्हणजे २०२५ ची, शिल्लकही तपासा. काही ठिकाणी ६६० डॉलरपर्यंत पुढच्या वर्षात सरकतात, काही ठिकाणी मार्चपर्यंत खर्च करायची सवलत असते, आणि ती शिल्लक जानेवारीत उरली तरी अडचण तीच. मुलाचे इन्हेलर, तुमचा चष्मा, काय असेल ते घेऊन डिसेंबरमध्येच शून्य करा.

दम्याच्या औषधांचं: २०१९ पासून आयआरएसने (केंद्रीय कर खात्याने) अशा प्लॅनना मुभा दिलीय की रोज घ्यायचा स्टेरॉइडचा इन्हेलर डिडक्टिबल पूर्ण होण्याआधीच कव्हर करता येईल. मुभा आहे, सक्ती नाही. प्लॅनची प्रिव्हेन्टिव्ह औषधांची यादी मागवा आणि त्यात मुलाच्या औषधाचं नाव शोधा. धाप लागल्यावर घ्यायचा इन्हेलर त्या मुभेत येत नाही, म्हणून तीन महिन्यांचा साठा डिसेंबरमध्ये जुन्या प्लॅनवरच भरून घ्या. यंदाचं डिडक्टिबल तुमच्या तपासण्यांमध्ये संपलेलंच असेल. बाळाच्या नियमित तपासण्या आणि लशी नेटवर्कमधल्या (इन्शुरन्सशी करार असलेल्या) डॉक्टरकडे दोन्ही प्लॅनमध्ये फुकट आहेत.

बाळ झाल्यावर त्याचं नाव ३० दिवसांच्या आत प्लॅनमध्ये घालायचं. सोशल सिक्युरिटी नंबरची वाट बघत बसू नका, तो नंतर कळवता येतो. बाळंतिणीच्या गडबडीत ही तारीख निसटते, म्हणून हे काम बाबांच्या नावावर लिहून टाका.

बिलं यायला लागतील ती चार दिशांनी: हॉस्पिटल, डॉक्टर, भूलतज्ज्ञ, लॅब. इन्शुरन्सकडून ईओबी (कुणी किती भरायचं याचा तपशील देणारा कागद) हातात पडेपर्यंत एकही भरू नका. आमच्या पहिल्या मुलीच्या वेळी मी शहाणपणा करून काउंटरवरच अंदाजी रक्कम भरली होती, ती जास्त निघाली आणि परत मिळवायला सात महिने फोन केले. ईओबीवरची 'तुमची जबाबदारी' आणि बिलाचा आकडा जुळला नाही तर तपशीलवार बिल मागा. हॉस्पिटल नेटवर्कमधलं असून भूलतज्ज्ञ बाहेरचा निघाला तर १ जानेवारी २०२२ पासून तो वरचे पैसे तुमच्याकडून मागू शकत नाही, नो सरप्रायझेस ॲक्ट त्यासाठीच आहे. (रस्त्यावरची ॲम्ब्युलन्स त्यात नाही.) रक्कम मोठी असेल तर हॉस्पिटलच्या बिलिंग खात्याकडे हप्ते मागा, बहुतेकदा बिनव्याजी मिळतात. ते वैद्यकीय खर्चाचं क्रेडिट कार्ड पुढे करतील. ते नको. मुदतीत फिटलं नाही तर पहिल्या दिवसापासूनचं व्याज लागतं.

एचएसएतले पैसे शेअर बाजारात गुंतवा, बिलं खिशातून भरा आणि म्हातारपणापर्यंत हात लावू नका, हा सल्ला तुम्हाला यजमानांच्या मित्रांकडून मिळेलच. ज्यांच्या बँकेत वीस हजार पडून आहेत त्यांच्यासाठी तो उत्तम आहे. तुम्ही २०२६ भर ते पैसे रोखच ठेवा.

या सगळ्यात एक धोका आकड्यांत दिसत नाही. मे महिन्यात यजमानांची नोकरी बदलली किंवा गेली, तर भरलेलं डिडक्टिबल बहुधा तिथेच राहतं आणि नव्या कंपनीत शून्यापासून सुरुवात होते. हे पीपीओतही होतं, फक्त तिथे बुडतात दीड हजार, इथे सहा. एचएसए मात्र तुमचंच राहतं आणि त्यातून कोब्राचा (नोकरी गेल्यावर जुनाच विमा स्वखर्चाने चालू ठेवायच्या सोयीचा) हप्ताही भरता येतो. यजमान एच-१बी वर आहेत आणि त्यांच्या टीममध्ये कपातीची कुजबुज आहे, असं लिहिलंय. हे वाचून मी दोनदा थांबले. तरी मत बदललं नाही, कारण नोकरी गेलीच तर हप्त्यात दिलेले पैसे परत येत नाहीत, एचएसएतले हाताशी असतात. मात्र वाकडचे जादा हप्ते जुलैत आपोआप सुरू करू नका, तेव्हाची हवा बघून ठरवा.

तुमच्या आई जानेवारीत येणार आहेत, त्यांच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण मला राहवत नाही. त्या तुमच्या प्लॅनमध्ये येत नाहीत आणि तुमच्यावर अवलंबून असल्या तरी भारतात राहत असल्याने इथल्या कराच्या व्याख्येत बसत नाहीत, म्हणून एचएसएतून त्यांचा खर्च करता येणार नाही. त्यांच्यासाठी व्हिजिटर इन्शुरन्स विमानात बसण्याच्या तारखेपासून घ्या. आधीपासूनच्या आजाराला त्यात काय मिळतं ते बारीक अक्षरात वाचा, बीपी-शुगरच्या नेहमीच्या तपासण्या सहसा मिळत नाहीत. डिंकाच्या लाडवांसाठी बॅगेत जागा कराल तेव्हा त्यांच्या सहा महिन्यांच्या गोळ्या आणि डॉक्टरची इंग्रजीतली चिठ्ठी हातातल्या पिशवीत ठेवायला सांगा.