व्हिडिओ एडिटिंगसाठी नवा प्रोसेसर आणि मदरबोर्ड: माझं उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मशीन २०१७चं: आय५-७४००, बी२५० बोर्ड, डीडीआर४ची १६ जीबी रॅम, जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड. तुम्ही गाण्याच्या मैफिली दोन कॅमेऱ्यांनी ४केमध्ये चित्रित करता आणि डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइन (क्लिप जुळवायची पट्टी) अडखळते. मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिचं कोडिंगही याच मशीनवर. विंडोज ११ चढत नाही. प्रोसेसर, बोर्ड आणि लागलीच तर रॅम, सगळं मिळून चाळीस हजारांत बसवायचंय. दुकानदाराने दोन पर्याय दिलेत: रायझन ५ ७६०० आणि ए६२० बोर्ड, किंवा आय५-१४४००एफ आणि बी७६० बोर्ड.

मला विचाराल तर दोन्ही घेऊ नका. दोन्ही प्रोसेसर वाईट नाहीत, पण तुमच्या कामाला जे हवं आहे ते या दोन्हींत नाही. कारण जरा सविस्तर सांगतो, कारण एडिटिंग करणारे बरेच जण इथेच फसतात.

तुमचा कॅमेरा १०-बिट ४:२:२ रेकॉर्ड करतो असं तुम्ही लिहिलंय. ४:२:० मध्ये रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एकदाच साठवली जाते, ४:२:२ मध्ये त्याच्या दुप्पट. स्टेजवरचे रंगीत दिवे, गायिकेच्या शालूची जर, हे सगळं ग्रेड करताना (रंग सुधारताना) ती जास्तीची माहिती फार कामाला येते, म्हणून तुमची सेटिंग योग्यच आहे. अडचण अशी की मोबाईल, यूट्यूब, सिनेमे हे सगळं ४:२:० मध्ये चालतं. म्हणून बहुतेक चिपमधला व्हिडिओ उलगडणारा भागही तेवढ्यापुरताच बनवलेला असतो. तुमचं १०६० कार्ड एच.२६५ची (व्हिडिओ दाबून साठवायची एक पद्धत) ४:२:० फाईल सहज चालवेल, ४:२:२ आली की हात वर करेल. मग सगळा भार चार कोअरच्या (काम करणाऱ्या गाभ्यांच्या) जुन्या प्रोसेसरवर, तोही दोन कॅमेऱ्यांचा एकाच वेळी. अडखळणार नाही तर काय होईल?

एच.२६५चं १०-बिट ४:२:२ हार्डवेअरमध्ये उलगडण्याची सोय इंटेलच्या प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समध्ये आहे, डेस्कटॉपवर अकराव्या पिढीपासून. क्विक सिंक म्हणतात ते हेच. रायझन ७६००मध्ये अंगभूत ग्राफिक्स आहे खरं, पण त्यात ४:२:२ची सोय नाही. एनव्हिडियाने ती २०२५मध्ये आलेल्या आरटीएक्स ५० मालिकेत दिली, त्याआधीच्या कार्डांत नाही. आता १४४००एफ मधला तो शेवटचा ‘एफ’ बघा. इंटेलच्या नावात एफ म्हणजे अंगभूत ग्राफिक्स बंद केलेला प्रोसेसर. कार्ड आहेच म्हणून गेम खेळणारे तो घेऊन थोडे पैसे वाचवतात, त्यांचं बरोबर आहे. तुम्ही घेतलात तर ज्या एका भागासाठी इंटेलकडे जायचं, तोच नसलेला प्रोसेसर घरी येईल.

म्हणून माझी पहिली पसंती आय५-१४५००. सहा मोठे आणि आठ छोटे कोअर, एकूण २० थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं). १४४०० आणि याच्यात केवळ चार कोअरचा फरक नाही. १४४००मध्ये यूएचडी ७३० ग्राफिक्स असतं आणि त्यात व्हिडिओचं एकच इंजिन असतं, १४५००मधल्या यूएचडी ७७०मध्ये दोन असतात. दोन कॅमेऱ्यांच्या मल्टिकॅम टाइमलाइनला हा फरक लागतो. १४५०० मिळाला नाही तर बाराव्या पिढीतला १२५००सुद्धा चालेल, त्यातही ७७०च आहे, कोअर मात्र सहाच. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीत व्होल्टेजमुळे प्रोसेसर खराब होण्याचा जो प्रकार झाला, त्याची धास्ती तुम्ही व्यक्त केलीत. इंटेलने ज्या प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, त्यात आय५मधले १३६००के आणि १४६००के (आणि त्यांची केएफ रूपं) आहेत, बाकी सगळे आय७ आणि आय९. १४५०० त्या यादीत नाही. तरी बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ताजं ठेवाच, त्यावरचा उपाय २०२४च्या ऑगस्ट-सप्टेंबरपासूनच्या मायक्रोकोडमध्ये (बायोसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या दुरुस्तीत) आला आहे.

आता रॅम, आणि माझ्या मते सगळा निर्णय खरा इथेच फिरतो. रायझन ७६०० ज्या एएम५ सॉकेटवर बसतो, त्यावर फक्त डीडीआर५ चालते. म्हणजे ७६०० घेतलात की तुमची १६ जीबी रॅम बाद. २०२५च्या अखेरीपासून डेटा सेंटरच्या मागणीमुळे रॅमचे भाव कसे चढलेत ते तुम्ही कोटेशनमध्ये पाहिलंच असेल. डीडीआर४ही त्यातून सुटलेली नाही. अशा वेळी हातातली चालती रॅम फेकून देणं मला पटत नाही. १४५०० ज्यावर बसतो त्या एलजीए १७०० सॉकेटचे बोर्ड दोन्ही प्रकारांत येतात, त्यामुळे बी७६०चा डीडीआर४ बोर्ड घेऊन आजची रॅम चालू ठेवता येते. ती २४०० वेगाची आहे, म्हणजे प्रोसेसर थोडा दबेल, पण टाइमलाइन उलगडण्याचं काम प्रोसेसरमधलं व्हिडिओचं इंजिन करणार असल्याने तुमची मुख्य तक्रार दूर होईल. ४केसाठी आणि मुलीच्या डॉकर, अँड्रॉइड स्टुडिओसारख्या कोडिंगच्या साधनांसाठी ३२ जीबी हवीच, ती भाव उतरले की १६च्या दोन पट्ट्या घेऊन करा.

दुकानात एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा: एकाच नावाच्या बी७६० बोर्डाची डीडीआर४ आणि डीडीआर५ अशी दोन रूपं असतात, नावाच्या शेपटाला कुठेतरी ‘डी४’ एवढाच फरक. रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे चुकीचा बोर्ड आला तर पट्टी बसतच नाही. बिलावर पूर्ण मॉडेल लिहून घ्या.

एएम५च्या बाजूने जे खरं आहे तेही सांगायला हवं. एलजीए १७००चा प्रवास संपला आहे, त्या बोर्डावर यापुढे नवी पिढी येणार नाही. एएमडीने एएम५ला २०२७ आणि त्यापुढेही साथ देऊ असं म्हटलंय, आणि त्यांचा पूर्वेतिहास चांगला आहे: २०१७चे एएम४ बोर्ड बायोस बदलून २०२२च्या ५८००एक्स३डी प्रोसेसरपर्यंत पोचले. तुमच्याच बी२५०ची गत आठवा. सॉकेट ११५१च, पण त्याच वर्षी आलेली आठवी पिढी त्यावर चालली नाही. तेव्हा तुमच्याकडे जुनी रॅम नसती, किंवा मुलीला पुढे गेमिंगसाठी एक्स३डी प्रोसेसर टाकायचा असता आणि आरटीएक्स ५० मालिकेतलं कार्ड बजेटमध्ये असतं, तर मी ७६०० आणि बी६५० बोर्डच सांगितला असता. आज ते सगळं मिळून चाळीस हजारांत येत नाही. इंटेलचा कोअर अल्ट्रा २०० (एलजीए १८५१) व्हिडिओला उत्तम आहे, पण तोही डीडीआर५वरच.

बोर्डाबद्दल लोक चिपसेटचं नाव बघतात आणि थांबतात. एच६१० टाळा: रॅमच्या जागा दोनच, एम.२ (एसएसडीची जागा) बहुतेक एकच, आणि प्रोसेसरला वीज देणाऱ्या व्हीआरएमवर अनेकदा हीटसिंकसुद्धा (उष्णता ओढणारा धातूचा ठोकळा) नसतो. १४५००चा आकडा ६५ वॉट लिहिलेला असला तरी टर्बोत तो १५४ वॉटपर्यंत खेचतो, आणि रेंडर करताना तेवढं खेचणं बराच वेळ चालतं. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळीसला टेकतो, बंद खोलीत आणखी वर. हीटसिंक नसलेल्या बोर्डावर अशा वेळी प्रोसेसर आपोआप वेग कमी करतो आणि माणूस प्रोसेसरला दोष देत बसतो. बी७६० घेताना रॅमच्या चार जागा, किमान दोन एम.२ आणि व्हीआरएमवर हीटसिंक एवढं बघा. झेड७९०वर पैसे घालू नका, ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं) तुम्हाला करायचं नाही. वाय-फायवाला बोर्ड लागेलच असं नाही. प्रोसेसरच्या डब्यात येणारा पंखा चालेल, पण टॉवरसारखा साधा एअर कूलर बसवलात तर रेंडरच्या वेळी खोलीत शांतता राहील, आणि तुम्ही त्याच खोलीत आवाजही ऐकून जुळवता.

वीजपुरवठ्याकडे दुर्लक्ष करू नका. तुमचा ४५० वॉटचा पीएसयू (मशीनला वीज देणारा भाग) आठ-नऊ वर्षांचा असेल तर तो बदलण्यासाठी थोडे पैसे बाजूला काढा. ५५० वॉटचा नावाजलेल्या कंपनीचा पुरे. गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते ती आधी कळते तरी, पावसाळ्यातल्या झटक्यांची खबर कोण देणार? ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो, रेंडर चालू असताना दोन मॉनिटर जोडून तो लगेच धापा टाकेल. यूपीएसचा उपयोग फाईल सेव्ह करून मशीन बंद करण्यापुरताच धरा.

खरेदीबद्दल. पुण्यातल्या तापकीर गल्लीत, विजेच्या सामानाच्या बाजारात, वायर, अर्थिंगचं सामान, स्पाइक गार्ड जरूर घ्या, पण प्रोसेसर आणि बोर्ड जिथे जीएसटीचं पक्कं बिल आणि सीलबंद डबा मिळेल तिथूनच. प्रोसेसरला डब्यासह तीन वर्षांची वॉरंटी असते. ‘ट्रे’ म्हणून सुटा मिळणारा घेऊ नका, वाचणारे पैसे त्या वॉरंटीसमोर किरकोळ आहेत. या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात. बोर्ड ताब्यात घेण्याआधी दुकानातच झाकण उघडून मोबाईलच्या उजेडात सगळ्या पिना सरळ आहेत ना बघा, कारण वाकलेली पिन वॉरंटीत बसत नाही. ते प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, बोर्ड परत पाठवायची वेळ आली तर मागतात. बी७६० बोर्ड २०२३च्या सुरुवातीला आले आणि १४५०० त्यानंतर एका वर्षाने, म्हणून जुन्या साठ्यातल्या बोर्डाचं बायोस दुकानदाराकडूनच अद्ययावत करून घ्या. बोर्डावर बायोस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर प्रोसेसर न बसवता पेन ड्राइव्हनेही ते होतं.

जोडणी झाली की एक सेटिंग हटकून करा. ग्राफिक्स कार्ड लावलेलं असेल तर अनेक बोर्ड अंगभूत ग्राफिक्स आपोआप बंद करतात, आणि मग क्विक सिंक दिसतच नाही. बायोसमध्ये आयजीपीयू मल्टि-मॉनिटर किंवा तशाच नावाचा पर्याय असतो, तो चालू करा, इंटेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर टाका आणि रिझॉल्व्हच्या डिकोड पर्यायांत इंटेल निवडलंय ना बघा. रिझॉल्व्हच्या फुकट आवृत्तीत हार्डवेअर डिकोडिंगच्या काही सोयी नसतात, त्या स्टुडिओ आवृत्तीत आहेत. तुम्ही कोणती वापरता ते लिहिलेलं नाही. फुकट वापरत असाल तर स्टुडिओचा खर्चही या हिशेबात धरा. विंडोज नव्याने टाका. जुनं लायसन्स मशीनसोबत आलेलं असेल तर ते जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, वेगळं विकत घेतलेलं असेल तर नव्यावर नेता येतं.

हे सगळं तुमच्या फाईली एच.२६५ आहेत असं धरून लिहिलंय. ती एक गोष्ट पैसे देण्याआधी पक्की करा. इंटेलच्या या पिढ्या एच.२६५चं ४:२:२ उलगडतात, एच.२६४चं १०-बिट ४:२:२ नाही. सोनीचा कॅमेरा असेल तर एक्सएव्हीसी एचएस म्हणजे एच.२६५, आणि एक्सएव्हीसी एस किंवा एस-आय म्हणजे एच.२६४. दोन्ही कॅमेऱ्यांतली एकेक क्लिप मीडियाइन्फो या फाईलची माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून कोडेक (एच.२६४ की एच.२६५) आणि क्रोमा सबसॅम्पलिंग (४:२:० की ४:२:२) या दोन ओळी इथे टाका. एच.२६४ निघालं तर आधी कॅमेऱ्याची सेटिंग बदलून बघू, आणि कॅमेऱ्यात ती सोय नसेल तर कार्ड आधी की प्रोसेसर आधी, हा हिशेब नव्याने मांडावा लागेल. पुढची मैफल जवळ आली असेल तर तोवर रिझॉल्व्हमध्ये प्रॉक्सी (क्लिपच्या हलक्या प्रती) बनवून एडिट करा, ते आजच्या मशीनवरही चालेल.